चाकांवरचे घर, फलकावरचे नियम

२०२१ साली अमेरिकेतील कारखान्यांतून सुमारे ६ लाख फिरती घरे बाहेर पडली. ती उभी करण्याच्या तळांची सोय मात्र तोकडीच राहिली. विस्तीर्ण यलोस्टोन उद्यानात वीज, पाणी व सांडपाण्याची जोडणी देणारा तळ एकच, फिशिंग ब्रिजचा! इतरत्र पैसे मोजून जागा राखावी, तर शेजाऱ्याची खिडकी हाताच्या अंतरावर. ३० अँपिअरच्या जोडणीवर दोन वातानुकूलन यंत्रे चालत नाहीत. रात्री दहानंतरची शांतता फलकावर, जनित्राची घरघर कानांत. गर्दी प्रवासी समजून घेतो. परंतु फलक लावला की आपले कर्तव्य संपले, ही चालकांची समजूत त्याने का सोसावी? हौशी प्रवासी निदान उद्या तळ बदलेल. घरभाडे न परवडल्याने बारमाही अशा गाडीत राहणाऱ्याने जावे कोठे?