‘खच्चीकरण’ पुरे झालं!

गेल्या शनिवारी लिहायचं होतं, राहून गेलं. आठवडाभर डोक्यात तेच घोळत होतं, तेव्हा आज ओकून टाकतो. थोडं तिखट वाटलं तर सांभाळून घ्या.

आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर गोदामांमध्ये चालतं. भिवंडीच्या आजूबाजूला, माणकोली, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात गोदामं किती आहेत हे नाशिक हायवेवरून गेलेल्याला सांगायला नको. तर तिथल्या एका गोदामात कामगारांकडून एक फॉर्म भरून घेतला गेला. मूळ इंग्रजीत, भाषांतर मुंबईत एसीत बसून केलेलं. सातवा प्रश्न असा: ‘आपल्या मनोधैर्याचे खच्चीकरण झाले आहे असे आपणास वाटते का?’ हो / नाही / सांगता येत नाही.

मी स्कॅनरची तक्रार बघायला गेलो होतो. जालन्याकडचा एक लोडर फॉर्म घेऊन आला आणि गंभीरपणे म्हणाला, "साहेब, हे गुरांच्या दवाखान्यातलं चुकून आलंय का?" मागचे चौघे खो खो हसले. सगळ्यांनी ‘नाही’वर टिक केली. कोण ‘हो’ म्हणेल, सांगा!

तो माणूस बरोबर होता. खच्ची करणं म्हणजे बैल बडवणं. हिंदीतला ‘खस्सी’ तोच, मूळ अरबी. पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीकरण, कृत्रिम रेतन यांच्या शेजारी ‘खच्चीकरण’ लिहिलेलं आजही दिसेल. आणि आपली वर्तमानपत्रं मात्र पोलिसांचं खच्चीकरण, शिक्षकांचं खच्चीकरण, इतकंच काय, ‘महिला कर्मचाऱ्यांचे मानसिक खच्चीकरण’ असं बिनदिक्कत छापतात! धैर्य म्हणजे पुरुषाचा एक अवयव, अशी समजूत या शब्दात बसलेली आहे. माझा अंदाज असा की लिहिणाऱ्याच्या मनात ‘खचणे’ असतं आणि हात ‘खच्ची’कडे जातो. दोन्ही शब्दांची सुरुवात सारखी, एवढंच काय ते नातं.

आता तुम्ही म्हणाल, शब्द रुळला की मूळ कोण बघतो? मान्य. ‘डिमॉरलाइज’चंही तसंच झालंय. अमेरिकेत कोश करणारे नोहा वेब्स्टर सांगत की आयुष्यात आपण एकच शब्द घडवला, तो हा. १७९४ साली फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिताना त्यांनी तो वापरला, तेव्हा अर्थ होता नीती बिघडवणं. सैन्याचा धीर जाणं हा अर्थ मागाहून आला. तेव्हा शब्द सरकतात, त्याबद्दल माझं भांडण नाही. भांडण एवढंच की ज्याला प्रश्न विचारायचा त्याच्यासाठी तो शब्द रुळलेला नाही. संपादकासाठी रुळलाय, लोडरसाठी नाही.

ऑफिसात माझ्या शेजारी धारवाडचा एक मित्र बसतो. त्याला विचारलं, तुमच्याकडे काय म्हणतात रे? पटापट तीन क्रियापदं टाकली त्याने. एदेगुंदु: एदे म्हणजे छाती, कुंदु म्हणजे कमी होणं, ओसरणं. धृतिगेडु: धृती बिघडणं. कंगेडु: कण् म्हणजे डोळा, म्हणजे नजरच बिघडते, पुढचं काही सुचेनासं होतं. आईच्या तोंडचे शब्द आहेत म्हणाला, कोशातले नाहीत. मला हेवा वाटला, मग स्वतःचीच लाज वाटली. आपल्याकडे काय कमी आहे? हातपाय गळतात, अवसान गळतं, धीर सुटतो, माणूस हाय खातो, कच खातो, हिरमुसतो, उमेद हरतो. १७६१ साली पानिपतावर विश्वासराव पडल्यावर सैन्याचं जे झालं त्याला कुणी बखरकार ‘मनोधैर्याचे खच्चीकरण’ म्हणाला असता का?

आणि सगळ्यांत पक्का शब्द ‘खचणे’. रस्ता खचतो, विहीर खचते, भिंत खचते. भिवंडीत तर हा शब्द नुसता अलंकार नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पटेल कंपाउंडमधली जिलानी बिल्डिंग रात्री झोपलेल्या माणसांवर कोसळली, ते इथे कुणी विसरलेलं नाही. आमच्या घरी आठ माग होते. २०१६ च्या नोटाबंदीनंतर मजुरीला रोकड नाही, पुढच्या वर्षी जीएसटी आला, सुताचा हिशेब जुळेना. माग किलोच्या भावाने भंगारात गेले त्या दिवशी बाबा ओट्यावर बसून एवढंच म्हणाले, "खचलो रे." त्यांना मनोधैर्य वगैरे लागलं नाही.

पण इथेच एक गोम आहे, आणि ‘खच्चीकरण’वाल्यांच्या बाजूने एवढं बोललं पाहिजे. आपली ही सगळी क्रियापदं आपोआप घडणारी आहेत. धीर सुटला, हातपाय गळले, खचलो. जणू पाऊस पडला. करणारा कुणी नाहीच! इंग्रजी शब्दाला करणारा लागतो. म्हणून तर मोर्चावाल्याला ‘खच्चीकरण’ सोयीचं वाटतं, बोट दाखवता येतं. अहो, पण त्यासाठी बैलापर्यंत कशाला जायचं? ‘खचवणे’ आहे की! कानडीत धृतिगेडिसु आहे, तसंच. अमक्याने माझा धीर खचवला. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागेवर.

त्याच लोडरला चहाच्या टपरीवर विचारलं, कामात काय त्रास आहे? म्हणाला, "पहिले दोन तास बरं असतं. मग त्या मशीनवर आकडा लाल होतो ना, तिथून हातपाय गळतात बघा." तो लाल आकडा मी लिहिलाय. तासाचं टार्गेट चुकलं की रंग बदल, पाच ओळींचा कोड. आणि अहवालात त्या गोदामापुढे लिहिलं गेलं: मनोबल उत्तम.

मी सातवा प्रश्न बदलून पाठवला: ‘गेल्या महिन्यात कामावर कशामुळे किंवा कुणामुळे तुमचा धीर खचला? खाली लिहा.’ वरून उत्तर आलं की असं विचारलं तर लोक खरंच लिहितील, ते वाचणार कोण? मी म्हटलं, मी वाचतो. माझी विनंती अजून ‘नंतर बघू’मध्ये पडून आहे. लाल रंग मात्र मी गेल्या मंगळवारी काढला. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.