वाळवंटातले शहर, रस्त्यावरचे पाणी आणि शेंगांचे पीठ

२०२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या पुढे गेला. ज्या मारिकोपा काउंटीत हे शहर येते, तिथे त्या वर्षी उष्म्याने ६४५ मृत्यू नोंदले गेले. आपल्या मंडळातील काही कुटुंबांची मुले ॲरिझोना राज्यात नोकरीला आहेत, त्यामुळे बडोद्यात बसूनही आम्ही या बातम्यांकडे लक्ष ठेवून असतो. सावलीची झाडे हा तिकडे आता हौसेचा विषय राहिलेला नाही.

फिनिक्सच्या दक्षिणेला सुमारे १८० किलोमीटरवर टुसॉन शहर आहे. तिथल्या महापौर रेजिना रोमेरो यांनी २०२० मध्ये जाहीर केले की २०३० पर्यंत शहरात दहा लाख झाडे लावायची. झाडांचे असे मोठे आकडे आपल्याला नवे नाहीत. दर जुलैत वृक्षारोपण होते, फोटो निघतात आणि पुढच्या मे महिन्यात बहुतेक ठिकाणी नुसते पिंजरे उभे दिसतात. बँकेत कर्ज किती वाटले यापेक्षा वसूल किती झाले हे आधी पाहिले जाते. झाडांच्या बाबतीतही आम्ही तोच प्रश्न विचारतो, आणि म्हणून टुसॉनच्या दहा लाखांपेक्षा तिथल्या एका छोट्या वस्तीचा हिशेब आम्हाला जास्त मोलाचा वाटतो.

डनबार-स्प्रिंग असे त्या वस्तीचे नाव. १९९६ पासून तिथल्या रहिवाशांनी चौदाशेहून अधिक झाडे लावली, तीही बहुतांशी सोनोरा वाळवंटातली मूळची आणि खाण्याजोगे काही देणारी. मेस्किट, पालो व्हर्दे, आयर्नवुड ही त्यातली मुख्य. या कामात पुढे असलेले ब्रॅड लँकेस्टर पावसाचे पाणी साठवण्यावर पुस्तके लिहितात. ही विद्या आपण झिम्बाब्वेतील झेफनाया फिरी या शेतकऱ्याकडून घेतली, असे ते उघड सांगतात. झाड लावण्याआधी पाऊस लावा, हा त्यांचा आग्रह.

म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. टुसॉनला वर्षाला ३०० मिलिमीटरही पाऊस होत नाही. त्यातला निम्मा उन्हाळी पावसात येतो, ज्याला तिकडेही मान्सूनच म्हणतात. आता दहा मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब डांबरी रस्ता घ्या. क्षेत्रफळ एक हजार चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर एक हजार लिटर पाणी येते. वर्षाचा पाऊस २७० मिलिमीटर धरला तर दोन लाख सत्तर हजार लिटर. त्यातले निम्मे वाया गेले असे समजले तरी उरलेल्यावर वाळवंटी झाडांची एक रांग आरामात जगते. हे सगळे पाणी पूर्वी गटारात जात होते आणि रस्त्याकडेची झाडे नळाच्या पाण्यावर वाढवली जात होती.

लँकेस्टर यांनी रस्त्याच्या कडेचा सिमेंटचा काठ जागोजागी कापून पाणी झाडाच्या खोलगट आळ्यात वळवले. सुरुवातीला हे बेकायदा होते. २००७ मध्ये शहराने त्याला रीतसर परवानगी दिली. २००८ मध्ये नियम झाला की नव्या व्यापारी इमारतींच्या बागेला लागणाऱ्या पाण्यापैकी निम्मे पावसाचे असले पाहिजे. तो २०१० पासून लागू आहे. आणि २०२० मध्ये पाणीबिलावर एक छोटा आकार बसला: शंभर घनफुटांना, म्हणजे सुमारे २,८०० लिटरना, तेरा सेंट. सामान्य घराला महिन्याला एक डॉलरच्या आसपास. हा पैसा रस्त्याचे पाणी मुरवण्याच्या कामांसाठी आणि त्यांच्या देखभालीसाठी ठेवलेला आहे. आमच्या मते सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच. रोपांना देणगीदार मिळतो. तिसऱ्या वर्षी आळ्यातला गाळ काढायला कोणी देणगी देत नाही.

आता खाण्याचे. मेस्किटच्या शेंगा जूनमध्ये पिकतात. बी दगडासारखे कठीण, गोडी असते ती टरफलात आणि गरात. तोहोनो ओओधाम हे तिथले मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या या शेंगा कुटून खात आले आहेत. घरी कुटणे जिकिरीचे, म्हणून ‘डेझर्ट हार्वेस्टर्स’ या संस्थेने शेंगा दळायची यंत्रे आणून सामुदायिक दळणाचे कार्यक्रम सुरू केले. लोक पिंपे भरून शेंगा आणतात आणि पीठ घेऊन जातात. मात्र पावसात भिजलेल्या शेंगांवर बुरशीचे विष धरू शकते, म्हणून त्या पावसाआधी आणि झाडावरूनच काढा, असे सांगितले जाते. पालो व्हर्देचे कोवळे दाणे मटारासारखे खातात. युनेस्कोने २०१५ मध्ये टुसॉनला पाककलेसाठी गौरवले, अमेरिकेत पहिल्यांदाच, आणि त्यात या वाळवंटी अन्नाचा मोठा वाटा होता.

ज्या झाडाची शेंग घरात येते, त्याच्या आळ्यात कोणी राडारोडा टाकला तर शेजारी ओरडतात. नुसत्या शोभेच्या झाडासाठी कोणी ओरडत नाही.

हे मेस्किट आपल्या नात्यातले आहे. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी, म्हणजे राजस्थानची खेजडी, याच कुळातली. तिच्या कोवळ्या शेंगांची सांगरी मारवाडी घरांत पंचकुट्याच्या भाजीत पडते. १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडली गावात ही झाडे वाचवण्यासाठी ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले. आज बिकानेर भागात सौरऊर्जा प्रकल्पांसाठी खेजडी तोडली जाते म्हणून आंदोलने होत आहेत. त्याच कुळातली तिसरी, गुजरातेत जिला गांडो बावळ म्हणतात ती विलायती बाभूळ, कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात मुद्दाम लावली गेली आणि तिने गवत गिळून टाकले. तेव्हा शेंग देणारे आणि कमी पाण्यावर जगणारे एवढ्यावर झाड चांगले ठरत नाही, ते त्या मातीतले आहे का हेही पाहावे लागते. टुसॉननेही हा धडा घेतला आहे. दक्षिण अमेरिकेतून आणलेली भराभर वाढणारी मेस्किट, ठिबकच्या वरवरच्या पाण्यावर पोसलेली, उन्हाळी वादळात मुळासकट कोसळतात.

सगळे गोड आहे असे नाही. देशी झाडालाही पहिली दोन-तीन वर्षे पाणी द्यावेच लागते. मेस्किटला काटे असतात, शेंगांचा सडा मोटारींवर पडतो आणि तक्रारी येतात. रस्त्याच्या पाण्यात तेल आणि टायरची धूळ असते, म्हणून त्यावर पालेभाज्या किंवा कंदमुळे घेऊ नयेत. आणि ज्या गरीब वस्त्यांत ऊन सर्वांत जास्त, तिथे झाडे सर्वांत कमी. भाड्याच्या घरात राहणारा दोन नोकऱ्या करणारा माणूस शेंगा कधी वेचणार? डनबार-स्प्रिंगला वीस-पंचवीस वर्षे टिकून राहिलेले शेजारी मिळाले. दहा लाख झाडांना तसे शेजारी कुठून आणायचे, याचे उत्तर महापालिकेच्या आकड्यात नाही.

आपले बडोदे वाळवंटात नाही. आपल्याकडे पाऊस टुसॉनच्या तिप्पट. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने घरात आणलेले पाणी कोणी विसरलेले नाही, आणि तरी एप्रिलमध्ये सोसायटीत टँकर येतो. मेस्किट आपल्याला नकोच. रायण, गुंदा म्हणजे आपले भोकर, गोरस आमली, जांभूळ ही इथली ओळखीची झाडे आहेत, आणि गुंद्याचे लोणचे तर शेजारच्या गुजराती घरांतून आपल्याकडेही आले आहे. पण बऱ्याच सोसायट्यांत पेव्हर ब्लॉक खोडाला अगदी भिडवून बसवलेले दिसतात. पुढच्या वेळी ठेकेदाराला प्रत्येक झाडाभोवती दोन-अडीच फूट जागा मोकळी सोडून ती चार बोटे खोलगट ठेवायला सांगितले, तर खर्च वाढणार नाही. ब्लॉक उलट कमीच लागतील.