वारा, भरती आणि धरण : शेतकऱ्याने वीज कोणत्या मापाने मोजावी?

कोळसा जाळल्यावाचून मिळणाऱ्या विजेची चर्चा हल्ली चावडीपर्यंत येऊन पोहोचली आहे. वारा, समुद्राची भरती व नदीचे पाणी ही तिन्ही साधने न सरणारी आहेत, हे खरे. परंतु ती केवळ मेगावॅटच्या मापाने मोजून भागणार नाही. वीज कोणत्या महिन्यात मिळते, आणि तिच्यापायी कोणाची जमीन व कोणाचे पाणी जाते, हे प्रश्न शेतकऱ्याने प्रथम विचारले पाहिजेत, असे आमचे मत आहे.

भरतीचा विचार थोडक्यात आटोपतो. तिच्या वेळा तिथीवरून सांगता येतात. इतकी नियमित शक्ती दुसरी नाही. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी १९६६ साली २४० मेगावॅटचे आणि दक्षिण कोरियात सिहवा येथे २०११ साली २५४ मेगावॅटचे वीजघर सुरू झाले. मात्र त्यास पाण्याची चढउतार मोठी लागते. खंबायतच्या आखातात ती सुमारे ११ मीटरपर्यंत जाते; मुंबईस उधाणातही ५ मीटरच्या आसपासच राहते. शिवाय सर्व बांधकाम खाऱ्या पाण्यात, म्हणून खर्च फार. घाटावरील शेतकऱ्याने या विजेची वाट पाहण्यात अर्थ नाही.

वाऱ्याची गोष्ट जवळची आहे. आमच्याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यात सुप्याजवळील कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची शक्ती आठपट होते. म्हणून त्या माथ्यावरच शोभतात. दोष असा की, वारा जोराचा वाहतो तो पावसाळ्यात, आणि विहिरीवरील मोटारीस विजेची खरी गरज पडते ती माघापासून वैशाखापर्यंत. गुण असा की, पायापुरती व रस्त्यापुरती जमीन गेली तरी भोवतालचे पीक उभे राहते.

पाण्याच्या विजेचे गुणदोष नेमके उलट आहेत. साठविलेले पाणी हव्या त्या वेळी सोडता येते. परंतु त्याची किंमत जमिनीने द्यावी लागते. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली टाटांच्या वीजधरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याचे सेनापती बापट हे पारनेरचेच. आमच्या शेवगाव तालुक्याच्या उत्तरेस गोदाकाठची काळी जमीन जायकवाडीच्या जलाशयाखाली गेली. १९७६ साली पुरे झालेल्या त्या धरणाचा जलाशय सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा, आणि पैठणचे वीजघर अवघे १२ मेगावॅटचे. धरण सिंचनासाठी होते, वीज हे त्याचे जोडकाम, हे आम्ही विसरत नाही. परंतु आमची नोकरी महसुलाच्या दप्तरात गेली. बुडालेल्या जमिनीचे जुने उतारे मागावयास नातवंडे येतात, तेव्हा जमीन एकदाच जाते आणि तिचा कागद पिढ्यान्‌पिढ्या फिरतो, हे ध्यानात येते.

पाण्याचाही हिशेब असाच पाहावा. कोयनेचे वीजघर १९६० मेगावॅटचे, राज्याचा मोठा आधार. परंतु त्याचे पाणी सह्याद्री ओलांडून पश्चिमेस उतरते, ते कृष्णाकाठच्या शेतास परत मिळत नाही. याउलट भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली सिंचनासाठी पुरे झाले, त्यास वीजघराची जोड पुढे मिळाली. तेथे पाणी आधी वीज देते आणि मग प्रवरेच्या कालव्यांवाटे उसास व गव्हास मिळते. एकाच पाण्याचे दोनदा काम होते.

तात्पर्य, नवी जमीन बुडवून वीज काढण्यापूर्वी, आज उभी असलेली सिंचनाची धरणे व कालव्यांवरील धबधबे यांतून जेवढी निघेल तेवढी काढावी. पावसाळ्यात वाऱ्याची वीज वापरावी व त्या वेळी धरणातील पाणी राखून उन्हाळ्यात सोडावे. वारा व पाणी यांना परस्परांचे वैरी न मानता एका बैलजोडीप्रमाणे जुंपावे.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. पवनचक्कीसाठी जमीन मागणारा दारी आला, तर खरेदीखतास घाई करू नये. शक्य तेथे मुदतीचा भाडेपट्टा करावा. तो नोंदवावा, रस्ता व तारा कोठून जाणार हे नकाशासह लिहून घ्यावे, मुदतीअखेर पाया कोणी उखडावयाचा हेही ठरवावे, आणि फेरफार होऊन सातबाराच्या इतर हक्कांत नोंद झाली की नाही, ते स्वतः जाऊन पाहावे. वारा कोणाच्या मालकीचा नाही. परंतु ज्या मातीत खांब रोवला जातो ती आपली आहे, एवढे शेतकरी बंधूंनी विसरू नये.