डीव्हीडीच्या खणात दुसरी डिस्क

दहाबारा वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप आपल्या घरी अद्याप असेल, तर त्याची कड एकदा निरखून पाहावी. उजव्या किंवा डाव्या बाजूस अर्ध्या इंचाहून कमी उंचीची एक पट्टी, तिच्यावर बारीकशी कळ आणि टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसेल. हा डीव्हीडीचा खण. तो शेवटी केव्हा उघडला होता, हे घरातील कोणासही बहुधा सांगता येणार नाही.

एके काळी या खणावाचून लॅपटॉपचे चालत नसे. १९८२ साली जपानमध्ये सीडी प्रथम बाजारात आली ती गाण्यांसाठी. पुढे तीवर संगणकाची माहिती साठवू लागले. एका सीडीवर सुमारे ७०० एमबी मजकूर मावे. १९९६ साली आलेल्या डीव्हीडीने ही मर्यादा ४.७ जीबीपर्यंत नेली. नव्या यंत्रात विंडोज चढवावयाचे असो, स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकासोबत मिळालेली चकती लावावयाची असो की लग्नाचे चित्रण पाहावयाचे असो, सर्व काही याच खणातून होई. नंतर पेनड्राइव्ह स्वस्त झाले, इंटरनेट घरोघर पोहोचले आणि खण ओस पडला. अ‍ॅपलने २००८ साली मॅकबुक एअर हा लॅपटॉप या खणाशिवायच विकावयास काढला. पुढील काही वर्षांत इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. जुन्या यंत्रांत मात्र ही जागा तशीच अडून राहिली आहे.

त्याच जुन्या यंत्राबद्दल घरात दुसरी एक तक्रार ऐकू येते. ते सुरू व्हावयास चहा होईपर्यंतचा वेळ घेते, आणि हार्ड डिस्क छायाचित्रांनी भरल्यामुळे नवे काही ठेवावयास जागा उरत नाही. या दोन्ही अडचणींवर एकच उपाय लागू पडतो. डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी दुसरी डिस्क बसवावी. हा काही गल्लीतल्या कारागिराने शोधलेला जुगाड नव्हे. आयबीएमच्या थिंकपॅड लॅपटॉपांत ‘अल्ट्राबे’ नावाचा बदलता खण असे, आणि त्यात सीडी ड्राइव्हच्या जागी दुसरी हार्ड डिस्क बसविण्याची सोय खुद्द कंपनीच पुरवीत असे. इतर लॅपटॉपांसाठी अशीच चौकट स्वतंत्रपणे विकत मिळते. तिला बाजारात ‘कॅडी’ म्हणतात.

पेचकस हाती घेण्यापूर्वी मात्र आपण एक काम करावे, आणि ते या सर्व खटाटोपातील सर्वांत महत्त्वाचे काम होय. कपाटातील चकत्या बाहेर काढाव्यात.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढील पंधराएक वर्षे आपल्या घरांतील मंगल कार्ये या चकत्यांवरच उतरली. लग्न, मुंज, बारसे, साठीशांत, शाळेचे स्नेहसंमेलन! छायाचित्रकार चित्रणाच्या दोन-तीन चकत्या देई, त्या अल्बमच्या खिशात जात आणि तेथेच राहत. त्या चित्रणात आज हयात नसलेली माणसे चालताबोलताना दिसतात. आजीचे भिंतीवर लावलेले छायाचित्र आपल्यापाशी असते. पण तिने नवरीच्या कानाशी लागून काय सांगितले, त्या वेळचा तिचा आवाज कसा होता, हे केवळ त्या चकतीवरच असते, आणि बहुधा त्याची दुसरी प्रत जगात कोठेही नसते. घरातील एकमेव चकतीवाचक यंत्र काढून ठेवण्याआधी हा ठेवा वाचून घेतला नाही, तर पुढे तो वाचण्याचा योग येईलच असे नाही.

दुसरे कारण असे की, घरी किंवा स्टुडिओत ‘भरलेली’ चकती कारखान्यात छापलेल्या चकतीइतकी टिकाऊ नसते. तीवर सेंद्रिय रंगाचा एक थर असतो. लेसर किरणाने त्या रंगात खुणा उमटवून माहिती लिहिली जाते. ऊन, उष्मा आणि दमट हवा यांनी तो थर हळूहळू बिघडतो. कोकणातील किंवा बंगालमधील पावसाळे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याविषयी अधिक सांगावयास नको. सीडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नाजूक बाजू चकाकणारी नसून वरची, म्हणजे नाव लिहिण्याची असते. परावर्तक थर त्या बाजूच्या लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो. तेथे बॉलपेन दाबून लिहू नये. चकती पुसावयाची झाल्यास मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसू नये.

प्रत काढणे अवघड नाही. चकती उघडली की आत फोल्डर दिसतात. जुन्या व्हीसीडीवर ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरात चित्रण असते आणि त्या फाइलीच्या नावाअखेर ‘डीएटी’ ही अक्षरे असतात. डीव्हीडीवर ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचे फोल्डर असते व त्यात ‘व्हीओबी’ फाइली असतात. संपूर्ण फोल्डरच उचलून संगणकावर ठेवावे आणि त्याला प्रसंगाचे नाव व वर्ष द्यावे. व्हीएलसी या विनामूल्य प्लेअरवर दोन्ही प्रकारच्या फाइली चालतात. एखादी चकती मध्येच अडली, तर ती फेकून देऊ नये. एका ड्राइव्हला न वाचता येणारी चकती दुसऱ्याला वाचता येते, असा अनुभव पुष्कळदा येतो. नातेवाइकाच्या यंत्रावर ती लावून पाहावी. जागेची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. पूर्ण भरलेल्या शंभर डीव्हीडी धरल्या, तरी त्यांचा मजकूर ४७० जीबीच होतो. आजच्या एका साध्या डिस्कवर तो सहज मावतो.

चकत्यांचे काम उरकले की खरेदीकडे वळू. दिल्लीचा नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट अशा बाजारांत कॅडी काही शे रुपयांत मिळते. परंतु दुकानी जाण्यापूर्वी आपल्या ड्राइव्हची उंची पट्टीने मोजून घ्यावी. ती १२.७ मिलिमीटर किंवा ९.५ मिलिमीटर असते. या दोन मापांच्या कॅड्या वेगळ्या. जाड कॅडी पातळ खणात शिरणार नाही. डिस्क घ्यावयाची ती अडीच इंची. टेबलावरच्या संगणकातील साडेतीन इंची डिस्क आकाराने बसत नाही आणि तिला १२ व्होल्टचाही पुरवठा लागतो. या खणातून मिळतो तो केवळ ५ व्होल्टचा. अडीच इंची डिस्कला तेवढा पुरतो, म्हणूनच हे सारे शक्य होते. ड्राइव्हची जोडणी डिस्कच्या जोडणीहून अरुंद असते. तो सांधा जुळविण्यासाठी कॅडीत एक लहानसे सर्किट असते. २००५ च्या आसपासच्या लॅपटॉपांत ‘सॅटा’ऐवजी जुनी ‘आयडीई’ जोडणी आढळते. तिची कॅडी निराळी, आणि माझ्या मते एवढ्या जुन्या यंत्रावर पैसा घालू नये.

नवी डिस्क कोणती घ्यावी? येथे काटकसर करून पुन्हा फिरणारीच हार्ड डिस्क घेऊ नये, ‘एसएसडी’ घ्यावी. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, लॅपटॉपात बहुधा मिनिटाला ५४०० वेळा, आणि वाचणारी सुई हव्या त्या जागी पोहोचेपर्यंत यंत्र खोळंबते. एसएसडीत हलणारा भागच नसतो. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, तर सॅटा जोडणीची एसएसडी ५०० एमबीपर्यंत जाते. परंतु खरा फरक लहानसहान फाइली शोधण्यात पडतो, आणि विंडोज सुरू होताना असल्याच हजारो फाइली चाळाव्या लागतात.

आता कोणती डिस्क कोठे, यावर जाणकारांत मतभेद आहे. काही म्हणतात, हार्ड डिस्क तिच्या मूळ जागीच राहू द्यावी. तेथे तिला रबराचा आधार असतो, आणि ज्या लॅपटॉपांत पडण्याची चाहूल घेणारी योजना असते, ती त्या जागेपुरतीच असू शकते. हे म्हणणे निराधार नाही. तरीही एसएसडी मूळ जागी आणि जुनी हार्ड डिस्क कॅडीत, हीच मांडणी मला अधिक पसंत आहे. कित्येक लॅपटॉपांत डीव्हीडीच्या खणाची जोडणी कमी वेगाची असते. तेथे लावलेली एसएसडी अर्ध्या शक्तीने धावते. काही यंत्रे तर त्या खणातून सुरू व्हावयासच नकार देतात. छायाचित्रे साठविणाऱ्या डिस्कला वेगाची घाई नसते. लॅपटॉप चालू असताना मांडीवरून पलंगावर आपटण्याची सवय असेल, तर मात्र ती सोडावी. कॅडीतील हार्ड डिस्कला धक्का सोसत नाही.

दोन तयाऱ्या आधी करून ठेवाव्यात. विंडोज नव्याने चढवावयाचे असेल, तर त्यासाठीचा पेनड्राइव्ह आताच तयार करावा, कारण नंतर चकतीचा मार्ग उरणार नाही. जुने विंडोज जसेच्या तसे नव्या डिस्कवर उतरवावयाचे असेल, तर ती डिस्क यूएसबी केबलने जोडून प्रत काढावी. आणि जुनी डिस्क कुलूपबंद, म्हणजे ‘बिटलॉकर’ने सुरक्षित केलेली असेल, तर तिची किल्ली, तो अंकांचा लांबलचक क्रमांक, कागदावर उतरवून ठेवावा.

प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचे आहे. खण उघडून आत एखादी चकती राहिली नाही ना, ते पाहावे. लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढावी आणि सुरू करण्याची कळ दहा-पंधरा सेकंद दाबून धरावी. अंगातील स्थिर वीज उतरावी म्हणून धातूच्या नळाला किंवा खिडकीच्या गजाला हात लावून घ्यावा. लॅपटॉप पालथा केला की ड्राइव्हला धरून ठेवणारा, बहुतेक यंत्रांत एकच, स्क्रू दिसतो. त्याशेजारी कधी चकतीचे चिन्हही कोरलेले असते. तो काढून ड्राइव्ह हळूच बाहेर ओढावा. पुढे आलेल्या पातळ ताटलीला धरून हिसका देऊ नये, ती वाकते. जुन्या ड्राइव्हची पुढची पट्टी आणि मागील धातूचा लहान तुकडा काढून कॅडीस लावावा, म्हणजे लॅपटॉपची कड पूर्वीसारखी दिसते व कॅडी आत घट्ट बसते. बाहेरची पट्टी काढण्यासाठी खण थोडा उघडावा लागतो. बंद यंत्रात त्या बारीक छिद्रात सरळ केलेली जेम क्लिप घातली की तो उघडतो. डिस्क कॅडीत आडवी सरकवून जोडणीत पूर्ण शिरेपर्यंत दाबावी आणि स्क्रूने आवळावी. निघालेले स्क्रू वाटीत ठेवावेत. चटईवर पडलेला स्क्रू शोधण्यात जो वेळ जातो, तो या सर्व कामात जात नाही.

यंत्र सुरू केल्यावर जुनी डिस्क तिच्या फाइलींसह आपोआप दिसली पाहिजे. न दिसल्यास पुन्हा बंद करून जोडणी नीट बसवावी. काही कॅड्यांना बारीकशी सरकती कळ असते, ती दुसऱ्या स्थानी लावून पाहावी. एक गोष्ट मात्र जपावी. कोरी डिस्क प्रथम लावली म्हणजे ती ‘फॉरमॅट’ करावी काय, असे विंडोज विचारते आणि तेथे होकार देणे योग्यच असते. हाच प्रश्न आपल्या जुन्या, भरलेल्या डिस्कबद्दल आला, तर होकार देऊ नये. यंत्र बंद करावे आणि जाणत्याला दाखवावे.

दोन डिस्क झाल्या म्हणजे आपला ठेवा दोन ठिकाणी सुरक्षित झाला, अशी समजूत सहज होते. ती खरी नाही. लॅपटॉप रेल्वेत चोरीस गेला तर दोन्ही डिस्क जातात; त्यावर पाणी सांडले किंवा विजेचा मोठा दाब आला तर दोन्ही धोक्यात येतात. लग्नाच्या त्या फाइलींची एक प्रत लॅपटॉपबाहेरच्या डिस्कवर काढून ती दुसऱ्या घरी ठेवावी. मुलगी दुसऱ्या गावी असेल तर तिच्याकडे, किंवा गावाकडील भावाकडे.

नवी डिस्क यंत्राचे वय कमी करीत नाही, हेही ध्यानी असावे. विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि या पिढीतील बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स चढविणे हा चांगला मार्ग आहे. सी-डॅकने तयार केलेल्या ‘बॉस’ लिनक्समध्ये भारतीय भाषांची सोयही आहे. बँकेचे व्यवहार करावयाचे नसतील आणि इंटरनेट जोडावयाचे नसेल, तर केवळ चित्रसंग्रहाचे यंत्र म्हणून ते आहे तसेही चालेल.

राहिला तो काढलेला डीव्हीडी ड्राइव्ह. तो भंगारात देऊ नये. अशा ड्राइव्हसाठी यूएसबीचे प्लॅस्टिकचे आवरण मिळते, तेही १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर हे माप पाहूनच घ्यावे. आवरणात बसविला की तो कोणत्याही संगणकाला बाहेरून जोडता येतो. एका यूएसबी जागेतून वीज अपुरी पडल्यास दोन टोकांची केबल वापरावी. आपल्या आप्तेष्टांपैकी ज्यांच्या कपाटात चकत्या आहेत पण त्या लावावयास यंत्र उरलेले नाही, त्यांच्याकडे तो महिना-दोन महिने पाठवून द्यावा, आणि सोबत एक पेनड्राइव्हही द्यावा.