व्हिडिओ गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये मावतो का?

आज गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्यापूर्वी दुकान मोबाइलवर पाहून घेते. म्हणून आपले अनेक व्यापारी व कारागीर बांधव वेबसाइट करवून घेतात आणि तीवर मालाचा व्हिडिओ लावतात. पाऊल योग्यच आहे. परंतु तो व्हिडिओ गिऱ्हाइकाला पूर्ण दिसतो की नाही, हे पाहण्याची तसदी फार थोडे घेतात.

दोष कोठे राहतो, हे समजून घेतले पाहिजे. यूट्यूबवरून व्हिडिओ घेताना जो तयार कोड मिळतो, त्यात चौकटीची रुंदी ५६० व उंची ३१५ पिक्सेल ठरलेली असते. संगणकावर ती ठीक बसते. पुष्कळ मोबाइलवर मात्र वेबपानाला रुंदी मिळते सुमारे ३६० पिक्सेल. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक व्हिडिओ पडद्याबाहेर! औरंगाबादी हिमरू शालीचा काठ दाखवायचा आणि नेमका काठच कापला जायचा. व्हिडिओ मोठा करण्याचे बटण उजव्या कोपऱ्यात असते, तेही हाती लागत नाही.

काही जण केवळ रुंदी १०० टक्के करून मोकळे होतात. उंची ३१५च राहते आणि चित्राच्या वर-खाली काळे पट्टे उमटतात. फोटोला स्वतःचे प्रमाण असते. आयफ्रेम नावाच्या या चौकटीला ते सांगावे लागते. पूर्वी त्यासाठी ५६.२५ टक्के पॅडिंगची युक्ती करीत, कारण १६ रुंदीला ९ उंची म्हणजे तेवढेच टक्के. २०२१ पासून सर्व प्रमुख ब्राउझर अ‍ॅस्पेक्ट-रेशो ही सूचना मानतात. आता रुंदी १०० टक्के, उंची ऑटो आणि अ‍ॅस्पेक्ट-रेशो १६/९ एवढ्यावर काम भागते. मोबाइल उभा धरून घेतलेल्या व्हिडिओला ९/१६ द्यावे व संगणकासाठी कमाल रुंदी ठरवावी.

काम इतके थोडे आहे. त्यासाठी वेगळे पैसे मागणे गैर आहे आणि ते न करता साइट सोपवणे त्याहून गैर. पण जबाबदारी आपलीही आहे. कापडाचा ताका आपण मोजल्याशिवाय घेत नाही. मग साइट न पाहता का घ्यावी? घरातला सर्वांत लहान मोबाइल घ्या, उभा धरून पाहा, आडवा धरून पाहा. व्हिडिओ चारी कडांनी दिसला, तरच बिल चुकते करा. महिनोन्महिने खपून केलेली कारागिरी अर्धी दिसावी, हे कोणत्याही कारागिराला परवडणारे नाही.