जुन्या मोटारीतील दिवा आणि त्याचा क्रमांक

मोटारीचे दार उघडताच आत लागणारा दिवा ही किमतीने किरकोळ वस्तू. आजच्या गाडीचा दिवा गेला तर मोहने-आंबिवलीचा रहिवासी कल्याणला जातो, गाडीचे मॉडेल सांगतो आणि नग घेऊन परततो. परंतु गाडी १९६३ सालची एम.जी.बी. किंवा तिच्याही आधीची एखादी ब्रिटिश दोन आसनी मोटार असेल, तर याच किरकोळ वस्तूसाठी महिनेच्या महिने जातात आणि पुष्कळदा अखेरीस तिच्यात बसतो तो भलत्याच गाडीचा दिवा. वस्तू दुर्मिळ आहे, हे त्याचे अर्धेच कारण. उरलेले अर्धे कारण मागण्याच्या रीतीत आहे. दुकानात गाडीचे नाव सांगितले जाते. सांगायला हवा तो नगाचा क्रमांक.

एम.जी., ट्रायम्फ, जॅग्वार यांचे कारखाने वेगवेगळे होते, तरी त्यांच्या विजेच्या सामानाचा पुरवठादार बहुतांशी एकच होता, तो म्हणजे बर्मिंगहॅमचा जोसेफ ल्यूकस. एकोणिसाव्या शतकात सायकलीचे ‘किंग ऑफ द रोड’ दिवे विकणाऱ्या या पेढीने पुढे मोटारींचे डायनमो, स्विच, दिवे आणि वायरिंग यांवर जवळजवळ एकछत्री सत्ता मिळवली. डॅशबोर्डावरील घड्याळे स्मिथ्सची. म्हणजे स्पोर्ट्स कारमध्ये बसलेला बल्ब, होल्डर किंवा दाराचा स्विच पुष्कळदा साध्या मॉरिस गाडीतही तोच असे. ल्यूकसच्या कित्येक नगांवर पाच अंकी क्रमांक कोरलेला सापडतो आणि काहींवर निर्मितीचा महिना व वर्षही. व्यापारी घरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. खातेदाराची ओळख आडनावाने पटत नाही, खाते क्रमांकाने पटते. एकाच आडनावाची दहा खाती असू शकतात.

येथेच आपल्या देशातील शोधाला दिशा मिळते. स्वातंत्र्यानंतर मोटारींच्या आयातीवर कडक नियंत्रणे आली, त्यामुळे अस्सल ब्रिटिश स्पोर्ट्स कार येथे थोड्याच उरल्या. त्यांची साधी भावंडे मात्र भारतातच तयार होत होती. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून स्टँडर्ड हेराल्ड बनवली. ती मूळची ट्रायम्फ हेराल्ड, आणि १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार त्याच हेराल्डच्या आखूड केलेल्या चासीवर उभी आहे. उत्तरपाड्याची अँबॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती, आणि तिचे १४८९ सीसीचे इंजिन एम.जी.ए.च्या इंजिनाच्याच कुळातले. मद्रासमध्येच १९६१ साली ल्यूकस-टीव्हीएस ही कंपनी स्थापन झाली. म्हणून स्पिटफायरच्या मालकाने प्रथम हेराल्डचे आणि एम.जी.च्या मालकाने प्रथम जुन्या अँबॅसिडरचे सामान धुंडाळावे. सगळे जुळेल असे नाही. दिव्याची काच आणि तिची कड हमखास निराळी निघते. बल्ब, होल्डर आणि दाराचे स्विच जुळण्याचा संभव अधिक.

मुंबईच्या बाजारात सहज हाताला लागते ते मात्र प्रीमियर पद्मिनीचे सामान. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या गाडीने पुढे अर्धी मुंबई वाहून नेली. त्यांच्या उद्यमशीलतेविषयी या वाचकवर्गाला वाटणारा अभिमान रास्त आहे. पण पद्मिनी ही इटलीच्या फियाटची लेक. तिचा छताचा दिवा ब्रिटिश गाडीत बसवणे म्हणजे एका पेढीची पावती दुसऱ्या पेढीच्या वहीत चिकटवणे होय. ‘शेठ, बसेल हो, बिनधास्त न्या,’ असे दुकानदार सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. दोन नवी भोके पाडली की दिवा बसतोच; फक्त ती भोके पुन्हा बुजत नाहीत.

कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजारातील मटण स्ट्रीट ही शोधाची परिचित ठिकाणे. तेथे जाताना मोबाइलमधील छायाचित्रावर विसंबू नये. जुना दिवा, मोडका का असेना, कागदात गुंडाळून सोबत न्यावा. तडकलेल्या काचेची कड, खिळपट्टीतील अंतर आणि मागचा क्रमांक छायाचित्रात नीट कळत नाहीत. गाडी दुरुस्तीला देतानाच ‘जुना माल परत हवा’ असे बजावून ठेवावे, कारण गॅरेजमध्ये मोडका दिवा म्हणजे भंगार.

बल्बांची गल्लत सर्वांत जास्त होते. छताच्या दिव्यात बहुधा दोन्ही टोकांना धातूची टोपी असलेला लांबट बल्ब असतो. ल्यूकसच्या यादीत २५४ क्रमांकाचा असा बल्ब १२ व्होल्ट, ६ वॅटचा आहे. बाजारात अशा बल्बांच्या निरनिराळ्या लांब्या मिळतात. आखूड बल्ब स्प्रिंगच्या पट्ट्यांत सैल राहतो आणि खड्ड्यागणिक विझतो; लांब बल्ब पट्ट्या वाकवून कायमच्या बिघडवतो. डॅशबोर्डातील ९८७ क्रमांकाचा बल्ब बारीक आट्यांचा, १२ व्होल्ट, २.२ वॅटचा. रात्री घड्याळे अंधुक दिसतात म्हणून तेथे जास्त वॅटचा बल्ब लावण्याचा मोह होतो. मग उष्णतेने घड्याळाच्या आतील रंगीत प्लॅस्टिक करपते, आणि ते प्लॅस्टिक बल्बाहून कितीतरी दुर्मिळ असते. काही जुन्या एम.जी. गाड्यांत ताशी ३० मैलांच्या वेगाची सूचना देणारा हिरवा दिवाही डॅशवर असे, कारण ब्रिटनमध्ये १९३५ पासून वस्तीत तेवढीच मर्यादा होती. त्याची हिरवी काच फुटली तर जोड मिळेपर्यंत जागा झाकून ठेवावी, पण दुसऱ्या रंगाची काच लावू नये.

स्क्रूसुद्धा निराळे. ब्रिटिश विद्युत सामानात बी.ए. मापाचे आटे सर्रास असत. २ बी.ए.चा व्यास ४.७ मिलिमीटर, आपला ५ मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू दिसायला तसाच. तो जोर लावून फिरवला की पितळेचे आटे गेलेच म्हणून समजावे.

हौशी मंडळींची खरी फसगत एलईडीने होते. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असे; एम.जी.बी.मध्ये ही रचना १९६७ च्या अखेरीस बदलली. तारेचा साधा बल्ब कोणत्याही दिशेने जळतो, एलईडीला दिशा लागते. उलट जोडणीच्या गाडीत बाजारातला नेहमीचा एलईडी लागतच नाही आणि दोष विनाकारण वायरिंगला दिला जातो. पुढे अल्टरनेटर आलेल्या गाड्यांत इग्निशनच्या सूचक दिव्यातून जाणारा प्रवाहच चार्जिंग सुरू होण्यास हातभार लावतो. तेथे एलईडी बसवला तर बॅटरी चार्ज न होण्याचा संभव असतो. अशा जागी मूळ पद्धतीचा बल्बच उचित.

येथे काही मिळाले नाही तर इंग्लंड-अमेरिकेतील खास दुकानांतून नवी प्रतिकृती मागवता येते. एका बल्बासाठी कुरिअर आणि सीमाशुल्क भरणे हिशेबात बसत नाही. दोन-चार मालकांनी एकत्र मागणी नोंदवली तर परवडते. प्रतिकृती घेण्यात कमीपणा नाही. आक्षेप आहे तो प्रतिकृती जुन्या खोक्यात घालून ‘ओरिजिनल’ म्हणून विकण्याला, कारण भावातला फरक मोठा असतो आणि घेणाऱ्याला तो डोळ्यांनी ओळखता येतोच असे नाही. विक्रेत्याने बिलावर ‘प्रतिकृती’, ‘वापरलेला’ किंवा ‘जुना, न वापरलेला’ यांपैकी एक शब्द लिहावा, आणि ग्राहकाने तो लिहून मागण्याचा संकोच करू नये. तोच कागद पुढे गाडी विकताना किंवा भावाभावांत वाटणी होताना कामाला येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात जतन केलेल्या वाहनांसाठी ‘व्हीए’ मालिकेची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. त्या नियमाचा रोख चासी, बॉडी आणि इंजिन यांवर आहे, दिव्यावर नव्हे. परंतु जाणता खरेदीदार दार उघडून आधी आतच पाहतो. छपरात नवी भोके दिसली की तो इंजिनाकडेही संशयाने पाहू लागतो, आणि किंमत तेथेच उतरते.

योग्य नग मिळूनही दिवा न लागल्यास दुकानदाराशी भांडण्यापूर्वी रंग तपासावा. इंग्रज गाडीवाले ल्यूकसला थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत. पण यातला बराच अंधार चासीशी तुटलेल्या संपर्काचा असतो. दाराच्या खांबातील स्विच चासीमार्फत मंडल पूर्ण करतो. नव्याने रंगवलेल्या गाडीत स्विचच्या भोकाच्या कडेलाही रंग बसतो आणि प्रवाह अडतो. तेवढा रंग खरवडावा. ब्रिटिश वायरिंगमध्ये जांभळी तार फ्यूजमार्गे बॅटरीकडून थेट येते, आणि जांभळ्यावर पांढरी रेघ असलेली तार दाराच्या स्विचकडे जाते. या दोन ओळखता आल्या तर मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो.

ही जांभळी तार चावी काढल्यावरही जिवंत असते, हे मात्र विसरू नये. ६ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. महिन्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीचे दार नीट न लागल्यास चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी तीन-चार दिवसांत रिकामी होते. गॅरेजचे शटर ओढण्यापूर्वी आतला उजेड विझला आहे ना, हे काचेतून पाहून घ्यावे.