नुसता पत्ता तपासून भागत नाही

सर्व्हरला भलत्याच ठिकाणी विनंती पाठवायला लावणारा दोष, म्हणजे एसएसआरएफ, एखाद्या लायब्ररीत सापडला की ठरलेलं उत्तर येतं: नवी आवृत्ती आली आहे, अपडेट करा, विषय संपला. अपडेट जरूर करावं. पण विषय संपत नाही.

हा दोष टाळायला विनंतीचा पत्ता आतला की बाहेरचा हे आधी तपासतात, आणि चूक तिथेच होते. २०२१ साली नोडच्या 'नेटमास्क' पॅकेजनं ०१७७.०.०.१ हा पत्ता १७७.०.०.१ असा, म्हणजे बाहेरच्या जगातला म्हणून वाचला. सुरुवातीला शून्य असलेला आकडा अनेक प्रणाली अष्टमान पद्धतीचा मानतात. त्यांच्या लेखी ०१७७ म्हणजे १२७, आणि १२७.०.०.१ म्हणजे सर्व्हर स्वतःच. पहारेकऱ्यानं एक वाचलं, आत नेणाऱ्यानं दुसरंच. त्याच वर्षी पायथनच्या 'आयपीॲड्रेस' मॉड्यूलमध्येही हाच शून्याचा घोळ निघाला, ३.९.५ आवृत्तीनं असे आकडे सरळ नाकारले. पुढे नोडच्याच 'आयपी' पॅकेजनं षोडशमानात लिहिलेल्या अंतर्गत पत्त्याला सार्वजनिक ठरवलं. दुरुस्ती झाली, तरी १२७.१ असं आखूड रूप निसटतच होतं, आणि २०२४ मध्ये दोषाची नवी नोंद करावी लागली.

या पॅकेजच्या लेखकानं दोषाचं गांभीर्यच अमान्य केलं होतं. फुकटात राबणाऱ्या माणसाचा वैताग मला समजतो. पण फंक्शनचं नावच 'सार्वजनिक आहे का' असं असेल, तर लोक त्यावर विसंबणारच.

समजा, वाचन बिनचूक झालं. तरी काय? डोमेनचं नाव तपासताना डीएनएस बाहेरचा पत्ता देऊ शकतो आणि क्षणभरानं, जोडणी होताना, आतला. शिवाय तपासून झालेला बाहेरचा पत्ताही रीडायरेक्टनं सर्व्हरला आतल्या पत्त्यावर वळवू शकतो.

म्हणून नावाचा पत्ता एकदाच काढावा, तो आकडा तपासावा आणि जोडणी त्याच आकड्याशी करावी. प्रत्येक रीडायरेक्टला हेच पुन्हा. शिवाय सर्व्हरला बाहेर कुठे जाता येईल हे फायरवॉलनंही ठरवावं. याला कोणी अतिरेक म्हणेल. पण २०१९ मध्ये कॅपिटल वन बँकेच्या सर्व्हरकडून अशाच विनंतीनं क्लाउडची तात्पुरती ओळखपत्रं काढून घेतली गेली. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या ६० लाख लोकांची माहिती गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात हा क्लाउड चालवणाऱ्या ॲमेझॉननं, अशी ओळखपत्रं देणाऱ्या १६९.२५४.१६९.२५४ या मेटाडेटा पत्त्यासाठी आधी टोकन मागणारी पद्धत आणली. म्हणजे आतल्या दारालाही कुलूप हवं, हे मान्य झालं.

लायब्ररी लिहिणाऱ्यांनीही तपासणीची सोय जोडणीच्या टप्प्यावरच द्यावी. 'सार्वजनिक आहे का' विचारणारी फंक्शनं मग काढून टाकली तरी चालतील.